पेट्या मोजून वैविध्य कळत नाही

"पेट्या वाढल्या म्हणजे मधमाश्यांचं जनुकीय वैविध्यही वाढलं" हे मधमाशीपालनावरच्या लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. आम्ही ग्वाल्हेरचे, दर हिवाळ्यात मधमाश्यांच्या पेट्या मोरेन्याला मोहरीवर नेतो, एका वर्षी सगळ्या नव्या राण्या एकाच चांगल्या राणीच्या अळ्यांपासून केल्या, आजूबाजूचे नरही त्याच घराण्यातले, मग पोळ्याची फ्रेम उचलली तर पिलावा (अंडी-अळ्या वाढतात तो भाग) चाळणीसारखा, मधेमधे रिकामी घरं!

लिंग ठरवणाऱ्या जनुकाचं रूप राणी आणि नराचं जुळलं की त्या नराच्या निम्म्या फलित अंड्यांतून मादीऐवजी नर होतात आणि कामकरी माश्या त्या अळ्या खाऊन टाकतात. राणी साधारण 10-20 नरांशी मिलन करते म्हणून एरवी हे झाकलं जातं. मोजायचंच तर या जनुकाची किती वेगवेगळी रूपं शिल्लक आहेत ते मोजा ना, 500 पेट्या एकाच राणीच्या लेकींच्या असतील तर तो आकडा काय कामाचा?