रिट्रीटला निघालात? कॅरीबॅगा विसरू नका

ईस्टरआधीचा प्रायश्चित्तकाळ आला की चर्चच्या फळ्यावर रिट्रीटची, म्हणजे घरापासून दूर मौनात प्रार्थना करायच्या शिबिराची, यादी लागते, आणि यादी लागली की घराघरांत माळ्यावरच्या बॅगा खाली येतात. तीन दिवस, दोन रात्री, पूर्ण मौन. न्यायचं काय, यावरून लोक उगाच गोंधळतात. गेल्याच आठवड्यात डोंगरावरच्या एका केंद्रात, बावीस खाटांच्या हॉलमध्ये दोन्ही रात्री टक्क जागून काढल्यामुळे या विषयात मला अधिकार प्राप्त झाला आहे. तेव्हा लिहून घ्या.

आधी सोबत. या साधनेची शिस्त घालून दिली संत इग्नेशियस लोयोलांनी. १५२२ साली स्पेनमधल्या मानरेसाला राहून त्यांनी टिपणं काढायला सुरुवात केली, १५४८ मध्ये पोपसाहेबांनी त्या टिपणांच्या पुस्तकाला मान्यता दिली. पूर्ण साधना तीस दिवसांची. साधकाने मित्र आणि ओळखीपाळखीच्या माणसांपासून जितकं दूर जावं तितका लाभ अधिक, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. त्यांना बिचाऱ्यांना आपली आळी ठाऊक नव्हती. तुम्ही सहा जणांची नावं एकत्रच द्या आणि काउंटरवर सिस्टरशी भांडून सहा खाटा ओळीने मागून घ्या. मौन बोलण्यावर असतं, कुजबुजीवर नसतं.

खाऊ भरपूर न्या. तिथे तीन वेळा जेवण आणि दोनदा चहा असतो, म्हणजे उपासमार ठरलेलीच. सुकेळी न्याच. सुक्या जवळ्याची चटणीही न्या, पण झाकण सैल ठेवा आणि बाटली बायबलला टेकवून आडवी घाला. घाट संपेपर्यंत तेल उत्पत्तीपासून गणनेपर्यंत पोहोचतं, आणि वासाने हॉलमधल्या बावीसही जणांना शुक्रवारी काय काय सोडलंय याची आठवण राहते.

मोबाइल दोन न्या. सिम नसलेला जुना फोन काउंटरवर पाकिटात घालून, वर नाव लिहून, नम्रपणे जमा करा. खरा उशीखाली.

चपला फटफट वाजणाऱ्या रबरी. शेवटच्या बाकावरून उठून पुढे जायचं ते आराधनेच्या वेळीच.

ब्लडप्रेशरच्या गोळ्या घरी ठेवा. रात्री अकराला आठवण झाली की सिस्टरांना उठवा. डायबेटिस असेल तर नावनोंदणीच्या वेळी चुकूनही सांगू नका.

आता कन्फेशन, म्हणजे फादरांपुढे स्वतःची पापं कबूल करणं. यासाठी काहीच तयारी नको. दहा आज्ञा पुढे ठेवून आदल्या रात्री चिठ्ठीवर मुद्दे काढणं, मागचं कन्फेशन कधी झालं ते आठवून ठेवणं, ही साध्या माणसांची कामं. हिशेब असा: माणसं साठ, फादर दोन, प्रत्येकी पाच मिनिटं, म्हणजे अडीच तास. तेवढंच वेळापत्रकात बसवलेलं असतं. तुम्ही आत जा आणि सुनेच्या पापांपासून सुरुवात करा. मग जावेची. मग सोसायटीच्या सेक्रेटरीची. पंचवीस मिनिटं सहज जातात. बाहेर चार जणांची वेळ खाल्ली गेली, रांगेतल्या म्हाताऱ्यांचे गुडघे सुजले, त्याला इलाज नाही. स्वतःचं काही राहिलंच तर पुढच्या वर्षी.

आणि हो, कॅरीबॅगा. हा आपल्या तयारीचा कळस. प्रत्येक वस्तू वेगळ्या कॅरीबॅगेत हवी. साबण एकीत, ब्रश दुसरीत, टॉवेल तिसरीत, जपमाळसुद्धा एकीत. पातळ, कुरकुरीत, औषधवाल्याकडे मिळते तसली. प्रत्येकीला गाठ मारा, दुहेरी मारा, म्हणजे अंधारात नखांनी सोडवताना पुरेसा वेळ जाईल. या सगळ्या पिशव्या एका मोठ्या पिशवीत, ती पिशवी चेनच्या बॅगेत, आणि बॅग खाटेखाली अगदी आत भिंतीला लावून. म्हणजे ती ओढताना लोखंडी खाटही ओरडते. उठण्याची घंटा साडेपाचला आहे ना? तुम्ही चारचा गजर लावा. तो वाजला की बंद करू नका, पुढे ढकला. दर दहा मिनिटांनी तो वाजेल आणि तुम्ही घोराल. इग्नेशियसनी सांगून ठेवलंय की झोपण्यापूर्वी एका 'नमो मरिया'एवढा वेळ मनात आणावं, उद्या किती वाजता उठायचं आणि कशासाठी. पाचशे वर्षांपूर्वीच्या माणसाला एक प्रार्थना पुरत होती. तुम्हाला आठ गजर लागतात, आणि त्यातल्या एकानेही उठत नाही, उठतो तो हॉल! मग सव्वापाचला तुम्ही ब्रश शोधणार. ही पिशवी नाही, ती पिशवी. ही साबणाची. ही रिकामी, ती घडी घालून परत तिसऱ्या पिशवीत. शेवटी सापडत नाही म्हणून ट्यूबलाइट. बावीस जणांच्या तोंडावर ट्यूबलाइट!

अहो, कळत कसं नाही? मौन काय फक्त जिभेचं असतं? शेजारच्या खाटेवरचं माणूस नोकरीतून तीन दिवसांची रजा काढून आलेलं असतं. त्याच्या घरी आजारपण असेल, नुकतं कोणी गेलं असेल. त्याला दिवसातून चार-पाच वेळा तासभर प्रार्थनेला बसायचंय, आणि झोप नसेल तर ते बसल्या बसल्या डुलक्या काढणार. फादरांना वाटणार, याला रस नाही. तुमच्या पिशव्यांमुळे!

सुती पिशव्या शिवा. जुन्या परकराच्या, उशीच्या अभ्र्याच्या, कशाच्याही. तीन पुरे: अंघोळीची, कपड्यांची, औषधांची. औषधं तीन दिवसांची आणि वर एका दिवसाची जास्त. सकाळचा टॉवेल, ब्रश आणि कपडे रात्री दिवे मालवण्याआधी उशाशी काढून ठेवा. टॉर्च लहान घ्या आणि जमिनीकडे धरा. चादर, अभ्रा, बायबल, वही, पेन, आधारकार्डाची प्रत, संपलं सामान. हातावरचं घड्याळ बांधा, खरा फोन काउंटरवर द्या. घंटा वाजेपर्यंत गप पडून राहा.

आणि खाट नंबर १४, तुमची निळी पिशवी मुद्दाम तिथेच ठेवून आले आहे. फोन करू नका.