पाकिटावरचा टपालाचा शिक्का

डिसेंबर २०२४ मध्ये डॅलसच्या सदर्न मेथॉडिस्ट विद्यापीठाची, म्हणजे एसएमयूची फुटबॉल टीम पहिल्यांदाच राष्ट्रीय प्लेऑफमध्ये पोचली. पेन स्टेटच्या मैदानावर ३८-१० असा मार खाऊन परतली, ते जाऊ द्या. त्या निमित्तानं एक मजकूर जो फिरायला लागला तो अजून थांबलेला नाही. डॅलसच्या आसपास राहणाऱ्या आम्हा मराठी मंडळींच्या फोनवरही तो येतो, आणि खाली अंगठे पडतात. आशय साधारण असा: १९८६ मध्ये एसएमयूनं खेळाडूंना चार पैसे दिले, जे आज सगळेच उघडपणे देतात. पण गावातल्याच टीव्ही चॅनेलनं प्रेक्षक खेचण्यासाठी गावच्याच टीमचा गळा घोटला. सगळेच करत होते, सापडली ती एकटी एसएमयू. विद्यापीठाला काही पत्ता नव्हता, तो काही उतावळ्या देणगीदारांचा उद्योग होता. वर शिक्षाही अती, दोन वर्षांची बंदी. थोडक्यात, चोर सोडून संन्याशाला फाशी.

संन्याशापासूनच सुरुवात करू.

अमेरिकेत कॉलेजचा फुटबॉल म्हणजे काय प्रकरण आहे ते इथे येईपर्यंत मलाही कळलं नव्हतं. आपल्याकडे आंतरविद्यापीठ कबड्डीच्या फायनलला मैदानाभोवती खेळाडूंचे मित्र आणि दोन-चार प्राध्यापक असतात. इथे पन्नास-साठ हजार माणसं तिकीट काढून येतात. टीमवर पैसे उधळणाऱ्या श्रीमंत माजी विद्यार्थ्यांना ‘बूस्टर’ म्हणतात. एनसीएए ही या खेळांची नियामक संस्था. तिचा तेव्हाचा नियम सरळ होता: खेळाडूला शिष्यवृत्ती मिळेल, म्हणजे फी, राहणं, जेवण, पुस्तकं. त्यावर एक डॉलरही नाही.

एसएमयू तेव्हा जोरात होती. १९८१ ते १९८४ या चार हंगामांत ४१ विजय, ५ पराभव, १ बरोबरी. एरिक डिकरसनसारखे खेळाडू तिथे घडले. आणि याच काळात नियम मोडल्याबद्दल ती पकडलीही गेली. ऑगस्ट १९८५ मध्ये एनसीएएनं तिला तीन वर्षांच्या देखरेखीखाली ठेवलं, दोन वर्षांत मिळून ४५ शिष्यवृत्त्या कापल्या आणि हंगामाअखेरच्या मोठ्या, म्हणजे ‘बोल’ सामन्यांना बंदी घातली. शिवाय त्याच उन्हाळ्यात नवा नियम झाला होता. पाच वर्षांत दुसऱ्यांदा गंभीर गुन्ह्यात सापडलात तर खेळच बंद करता येईल. त्याला लोक ‘डेथ पेनल्टी’ म्हणायला लागले. फिरणाऱ्या मजकुरात हे १९८५ सालच नाही, आणि सगळी गोम तिथेच आहे.

आता ‘टीव्हीनं मारलं’ हा मुद्दा.

१२ नोव्हेंबर १९८६ ला डॅलसच्या डब्ल्यूएफएए म्हणजे चॅनेल ८ वर क्रीडा पत्रकार डेल हॅन्सनचा खास कार्यक्रम झाला. निर्माता जॉन स्पार्क्सनं डेव्हिड स्टॅन्ली नावाच्या माजी खेळाडूला बोलतं केलं होतं. त्याचं म्हणणं असं की एसएमयूत यायचे २५ हजार डॉलर मिळाले आणि नंतर महिन्याला ठरलेली रक्कम यायची. स्टॅन्ली व्यसनात अडकलेला, टीममधून बाहेर पडलेला पोरगा. नुसत्या त्याच्या तोंडच्या शब्दावर कुणी विश्वास ठेवला नसता, आणि ठेवूही नये. हॅन्सनकडे त्याहून घट्ट असं काहीतरी होतं: एक पाकीट. विद्यापीठाच्या भरती विभागाचं, स्टॅन्लीच्या घरी टपालानं गेलेलं, कोपऱ्यात एच.एल.पी. ही आद्याक्षरं.

मुलाखतीला समोर तिघे बसलेले. क्रीडा संचालक बॉब हिच, कोच बॉबी कॉलिन्स आणि भरतीचं काम बघणारे हेन्री ली पार्कर. आद्याक्षरं जुळवून बघा. हॅन्सननं पाकीट पार्कर यांच्या हातात दिलं. ती अक्षरं आपली वाटतात असं ते आधी म्हणाले, आणि मग चेहरा बदलत माघार घ्यायला लागले. मी ते चित्रण पाहिलंय. हो, आमच्या ऑफिसातून खेळाडूंच्या घरी पत्रं जातात, त्यात काय विशेष, एवढं सहज बोलून माणूस मोकळा झाला असता. पाकीट रिकामं होतं, आत काय गेलं ते कुणाला सिद्ध करता आलं असतं? पण खाई त्याला खवखवे.

खरं वजन मात्र आद्याक्षरांत नव्हतं, टपालाच्या शिक्क्यात होतं. तो ऑक्टोबर १९८५ चा होता. म्हणजे ऑगस्टमध्ये शिक्षा झाली, आता असं होणार नाही म्हणून माना डोलावून झाल्या, आणि ऑक्टोबरात पाकीट पोचवणं चालूच. शिक्का जुलैचा असता तर ते जुनंच प्रकरण ठरलं असतं. या एका तारखेमुळे एसएमयू ‘पुन्हा गुन्हा करणारी’ ठरली. ही तारीख काही चॅनेल ८ नं छापली नव्हती.

स्थानिक पत्रकारांना यात मलई मिळाली, असंही म्हणतात. एसएमयूचे माजी विद्यार्थी म्हणजे डॅलसचे बँकर, बिल्डर, तेलवाले, म्हणजेच चॅनेलचे आणि पेपरांचे जाहिरातदार. त्यांना दुखवून कुणाचा धंदा वाढतो? केंटकीतल्या लेक्सिंग्टनचं उदाहरण त्याच्या एकच वर्ष आधीचं. ऑक्टोबर १९८५ मध्ये हेराल्ड-लीडर या तिथल्या पेपरानं केंटकी विद्यापीठाच्या बास्केटबॉल टीमबद्दल मालिका छापली. जेफ्री मार्क्स आणि मायकल यॉर्क या बातमीदारांनी ३३ माजी खेळाडूंना गाठलं. त्यातल्या २६ जणांनी आपण स्वतः नियमबाह्य फायदे घेतल्याचं सांगितलं. मॅचनंतर हस्तांदोलन करताना तळहातात सरकवलेली नोट, फुकट पासची चढ्या भावानं विक्री, असे प्रकार. गावानं काय केलं? पेपर बंद करायला रांग लावली, ऑफिसात बॉम्ब ठेवल्याची धमकी दिली. पुढच्या वर्षी त्या दोघांना पुलित्झर मिळालं हे खरं, पण पुलित्झर न्यूयॉर्कहून येतं. पेपर विकायचा असतो लेक्सिंग्टनमध्ये.

डॅलसमध्ये तर तेव्हा मॉर्निंग न्यूज आणि टाइम्स हेराल्ड या दोन पेपरांत बातम्यांची झटापट चालू होती. एसएमयूचा एक खेळाडू बूस्टरच्या कृपेनं बिनभाड्याच्या अपार्टमेंटमध्ये राहतो ही बातमी चॅनेल ८ च्या कार्यक्रमाच्या सुमारास मॉर्निंग न्यूजनं दिली होती. म्हणजे एकट्या चॅनेलचं कारस्थान म्हणावं तरी जुळत नाही. आणि खेळाच्या भानगडी छापून पेपर श्रीमंत होत असतील, तर टाइम्स हेराल्ड १९९१ मध्ये बंद कसा पडला?

‘सगळेच करत होते.’ यात तथ्य आहे, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. एसएमयू ज्या गटात खेळायची त्या साउथवेस्ट कॉन्फरन्समधल्या टेक्सास, टेक्सास टेक, ह्यूस्टन, टेक्सास ए अँड एम या सगळ्यांना त्याच दोन-तीन वर्षांत शिक्षा झाल्या. पण म्हणजेच सापडलेली एसएमयू एकटी नव्हती. दुसरं, शेजारच्या फोर्ट वर्थमध्ये टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठाच्या, म्हणजे टीसीयूच्या कोच जिम वॅकर यांना सप्टेंबर १९८५ मध्ये कळलं की आपल्याही पोरांना बूस्टर पैसे देतायत. त्यांनी चेंडू घेऊन धावणारा आपला सर्वोत्तम खेळाडू केनेथ डेव्हिस याच्यासकट खेळाडूंना टीममधून काढलं आणि एनसीएएला स्वतः कळवलं. हंगामाची वाट लागली. एनसीएएनं तरीही टीसीयूला जबर शिक्षा केली, त्याबद्दल मला आजही राग येतो. पण दोन गावांमध्ये तीसेक मैलांचं अंतर, काळ तोच, नियम तेच. एकानं पाकिटं थांबवली, दुसऱ्यानं चालू ठेवली.

ती चालू ठेवायची हे ठरवलं कुणी? इथे ‘उतावळे देणगीदार’ या मुद्द्याची हवा जाते. २५ फेब्रुवारी १९८७ ला एनसीएएनं निकाल दिला: १३ खेळाडूंना मिळून सुमारे ६१ हजार डॉलर, कुणाला महिना ५०, कुणाला ७२५ पर्यंत. पैसा बूस्टरचा, पण क्रीडा विभागातल्या माणसांच्या संमतीनं आणि मदतीनं वाटलेला. (निकाल जाहीर करणारे एनसीएएचे डेव्हिड बर्स्ट पत्रकार परिषदेतच चक्कर येऊन कोसळले. एवढी हवा तापली होती.) त्यानंतर आठवडाभरात, ३ मार्चला टेक्सासचे गव्हर्नर बिल क्लेमेंट्स यांनी कबुली दिली. ते गव्हर्नर व्हायच्या आधी विद्यापीठाच्या नियामक मंडळाचे अध्यक्ष होते. १९८५ च्या शिक्षेनंतर पैसे एकदम थांबवायचे नाहीत, जुन्या खेळाडूंना दिलेला शब्द पाळायचा आणि ती मुलं बाहेर पडतील तसतसं हे संपवायचं, या निर्णयात ते सामील होते. आधी खरं का बोलला नाहीत असं विचारल्यावर तिथे बायबल ठेवलेलं नव्हतं, असं उत्तर दिलं. आपल्याकडच्या पुढाऱ्यांनाही असं उत्तर सुचायला वेळ लागेल.

‘शब्द पाळला’ हे ऐकायला बरं वाटतं. पण पैसे थांबले असते तर नाराज पोरांनी तोंड उघडलं असतं, हा हिशेब त्यामागे होता. तोंडं बंद ठेवण्याचा हप्ता होता तो.

तरीही पैसे शेवटी पोरांनाच मिळाले ना, म्हणून हे आजच्या एनआयएलसारखंच झालं, असं कुणी म्हणेल. १ जुलै २०२१ पासून खेळाडू आपलं नाव आणि छबी वापरू देऊन कमाई करू शकतात; एनआयएल म्हणजे हेच. जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या तडजोडीनंतर विद्यापीठंच त्यांना थेट पैसे देतात, पहिल्या वर्षी प्रत्येक विद्यापीठाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत मुभा. जुना नियम अन्यायी होता, हे मी आनंदानं मान्य करतो. त्या पोरांच्या जिवावर स्टेडियमं भरत होती. पण आजच्या खेळाडूच्या हातात करार असतो. तो वकिलाला दाखवता येतो, त्यावर कर भरता येतो, पैसे बुडवले तर कोर्टात जाता येतं. १९८६ च्या पोराकडे काय होतं? पाकीट, आणि ते देणाऱ्याची मर्जी. स्टॅन्लीनं तोंड उघडल्यावर सगळ्यांनी पहिल्यांदा त्याचं व्यसनच चघळलं.

आणि हिशेबच करायचा तर पुरा करू. १३ खेळाडूंना मिळून ६१ हजार, म्हणजे डोक्यावर पाच हजारही नाहीत. डिसेंबर १९८६ मध्ये हिच आणि कॉलिन्स यांनी राजीनामे दिले. पुढे मेथॉडिस्ट चर्चच्या बिशपांच्या समितीनं चौकशी केली तेव्हा बाहेर आलं की हिच, कॉलिन्स आणि पार्कर या तिघांना जाताना विद्यापीठानं मिळून ८ लाख डॉलरच्या वर रक्कम दिली होती. खेळाडूंचं भलं बघणारं विद्यापीठ ते हेच. २०२५ च्या तडजोडीत जुन्या खेळाडूंसाठी २.८ अब्ज डॉलरची भरपाईही आहे, पण ती २०१६ नंतर खेळलेल्यांसाठी. त्यामुळे एसएमयूच्या त्या तेरांना आज न्याय मिळाला, हेही खरं नाही.

राहिला शिक्षा अती झाल्याचा मुद्दा. इथे मी अर्धा त्यांच्या बाजूनं आहे. एनसीएएनं १९८७ चा हंगाम रद्द केला आणि १९८८ मध्ये घरच्या मैदानावरचे सामने बंद केले. बाहेरचे सामने खेळायची परवानगी होती. १९८८ चा पूर्ण हंगाम विद्यापीठानं आपणहून रद्द केला, कारण खेळाडू दुसऱ्या कॉलेजांत निघून गेले होते. ‘दोन वर्षांची बंदी’ हे वाक्य त्यामुळे चुकीचं आहे. पण परिणाम भयंकर झाला, यात वाद नाही. पुढचा बोल सामना खेळायला २००९ उजाडलं. त्यानंतर कुठल्याही मोठ्या फुटबॉल टीमवर एनसीएएनं हे हत्यार पुन्हा उचललेलं नाही.

१९८९ मध्ये एसएमयू मैदानात परतली तेव्हा टीममध्ये बहुतेक नवखी पोरं होती. २१ ऑक्टोबरला ह्यूस्टननं त्यांना ९५-२१ असं चिरडलं. त्यातली जी पोरं त्याच वर्षी शाळा संपवून आली होती, ती एच.एल.पी.चं पाकीट टपालात पडलं तेव्हा नववीत होती.