न्यूट्रल कुठे आहे?

रात्र सात मिनिटांची होती. त्यातली सव्वासहा नानांनी खाल्ली. उरलेल्या पाऊण मिनिटात तू खटका ओढायला हवा होतास, असं आमचे यच्चयावत आप्त मला भाऊबीजेपासून ऐकवताहेत. ऐकवणाऱ्यांपैकी एकानेही त्या गावात आजवर साधं झाड तोडलेलं नाही.

गाव म्हणजे माइनक्राफ्टमधलं. माझ्या भाच्याचं. ठाऊक नसलेल्यांसाठी दोन वाक्यं: सगळं जग ठोकळ्यांचं, ठोकळा फोडायचा आणि दुसरीकडे नेऊन लावायचा. २०११ साली हा गेम स्वीडनमधून पूर्ण रूपात बाहेर पडला आणि २०१४ साली मायक्रोसॉफ्टने तो बनवणारी कंपनी अडीच अब्ज डॉलरला विकत घेतली. हा आकडा मी मुद्दाम देते, कारण आमच्या घरी या प्रकाराला ‘हिचे ठोकळे’ म्हणतात. नवरा सोफ्यावर आडवा पडून परक्या दोन देशांची मॅच दिवसभर बघतो, तेव्हा त्याला कुणी वय विचारत नाही. मी अर्धा तास लॅपटॉप उघडला की सासूबाई स्वयंपाकघरातून विचारतात, “संपलं का गं तुझं ऑफिसचं काम?” ऑफिसचं काम नाही हे त्यांना पक्कं माहीत असतं.

तर, सोसायटीने यंदा आवारात फटाके बंद केले. भाचा भाऊबीजेला येणार, त्याचं तोंड एवढंसं झालं, आणि मी बोलून गेले की आत्या तुला तुझ्या गावात आतषबाजी करून दाखवेल. बोलायला काय जातं! भाच्याची अट एकच, सगळं खरं मिळवायचं. क्रिएटिव्ह मोड (त्यात सगळं फुकट मिळतं) नाही, चीट्स नाहीत. चीट्स एकदा जरी चालू केले तरी त्या जगातल्या अचिव्हमेंट्स कायमच्या बंद होतात, असं त्याने मला समजावलं. दहा वर्षांच्या मुलाला एवढी सचोटी कुठून येते कळत नाही, त्याच्या बापाकडून तर नक्कीच नाही. माझाच भाऊ आहे, मला माहीत आहे.

खरं मिळवायचं म्हणजे काय ते ऐका. बाणाला कागद लागतो, कागदाला ऊस. दारूसाठी क्रीपर मारावा लागतो. हा हिरवा, बिनहाताचा प्राणी पाय न वाजवता मागे येऊन उभा राहतो आणि फुस्स करून फुटतो. तो फुटला तर तुमच्या हाती काही नाही, गेलं ते तुमचंच. फुटायच्या आत मारला तर गनपावडरच्या शून्य ते दोन ढिगल्या. शून्यसुद्धा ‘ते’मध्ये धरायचं ही त्यांची पद्धत. रंग वेगळे. लाल हवा तर खसखशीचं फूल, पिवळा हवा तर डँडेलियन, हिरवा हवा तर निवडुंग भट्टीत भाजायचा. इकडच्या फटाक्यांत हिरवा रंग बेरियमच्या क्षारांनी येतो. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने बेरियम बंद केलं आणि दिवाळीत फटाक्यांची वेळ आठ ते दहा ठरवून दिली. (हे आठ ते दहा रात्रीचे, यावर आमच्या मागच्या गल्लीत अजून एकमत व्हायचं आहे.) निवडुंगाला निदान न्यायालयाची हरकत नाही. फुटलेल्या बाणामागे शेपूट हवी असेल तर आत एक हिरा घालावा लागतो. हिरे भाच्याने दिले नाहीत. “आत्या, हिरे काय जाळायला असतात का?” इथे त्याचा बाप दिसला.

मग लाँचर. बाण डिस्पेन्सरमधून उडतात. डिस्पेन्सर म्हणजे सात दगड, एक धनुष्य आणि चिमूटभर रेडस्टोन (तिथली सिग्नल वाहणारी लाल भुकटी) यांचं खोकं, त्यात नऊ कप्पे. कोणत्या कप्प्यातला बाण आधी सुटेल हे खोकंच ठरवतं, तेही मनाला येईल तसं. म्हणून एका खोक्यात एकच रंग, आणि तोंड वर करून खोक्यांची ओळ. दोन खोक्यांमध्ये एकेक रिपीटर बसवला की सिग्नल दर वेळी अर्ध्या सेकंदाहूनही कमी वेळ थबकून पुढे जातो आणि बाण डावीकडून उजवीकडे लाटेने उठतात. सिग्नल परत परत यावा म्हणून मागे एक घड्याळ. हे सगळं मी आधी माझ्या लॅपटॉपवर जावा एडिशनमध्ये बांधून पाहिलं, आणि ते सुंदर चाललं. भाच्याच्या टॅबवर बेडरॉक एडिशन. नाव एक, डबा एक, आतला गेम दुसरा! जावात डिस्पेन्सरच्या डोक्यावरच्या रिकाम्या जागेत सिग्नल पोचला तरी डिस्पेन्सर उडतो. ही मुळात चूक होती, पण तिच्या भरवशावर लोकांनी इतकी यंत्रं उभारली की शेवटी तीच रीत झाली. बेडरॉकमध्ये ती रीत नाही. म्हणजे व्हिडिओत बघून केलेलं निम्मं काम उखडून परत करा. अडीच अब्ज डॉलर मोजलेल्या माणसांना दोन्हीकडे एकच वायरिंग ठेवता येऊ नये? पण हे कुणाला सांगणार? घरात बोलले तर “कुणी सांगितलंय करायला” हे उत्तर तयारच असतं.

असो. भाऊबीजेला ओवाळणं झालं, फराळ झाला. मी लॅपटॉपवर बेडरॉक उघडलं, तो टीव्हीला जोडला, वायफायवरून भाच्याच्या जगात शिरले आणि मंडळी समोर बसली. गावात सूर्य मावळत होता. “अगंबाई, सूर्यसुद्धा चौकोनी!” असं आई म्हणाली. इथवर सगळं छान होतं.

नाना म्हणजे नवऱ्याचे काका. विजेच्या खात्यात हयात गेली, सबस्टेशनवरून निवृत्त झाले. कुणी मोबाइल चार्जिंगला लावला तर ते आधी सॉकेटकडे बघतात आणि मग माणसाकडे. ते खुर्ची ओढून टीव्हीपासून हातभर अंतरावर बसले.

“सूनबाई, ही लाल रेघ कसली?”

“रेडस्टोन, नाना. तिथली वायर.”

“इन्सुलेशन दिसत नाही.”

“नसतं. भुकटी असते ती, जमिनीवर पसरायची.”

नानांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, परत घातला. “उघडा कंडक्टर. भुकटीचा. आणि जमिनीवर.” हे ते मला सांगत नव्हते, पंचनामा लिहून घेणाऱ्या अदृश्य कारकुनाला सांगत होते. “पाय पडला तर?”

“काही होत नाही. शॉक बसत नाही यात.”

“शॉक बसत नाही ती वीज कसली?”

भाचा खूश होऊन त्यांच्या खुर्चीच्या हातावर जाऊन बसला. तिथेच मला धोका ओळखू यायला हवा होता, पण मी खटक्याकडे चालले होते. बाणात फायरवर्क स्टार (दारू आणि रंगाचा गोळा) असला तर जवळ फुटल्यावर माणसाला इजा होते, म्हणून खटका आणि प्रेक्षकांचा ओटा मी लाँचरपासून लांब ठेवला होता.

“थांब. ही फेज झाली. न्यूट्रल कुठे आहे?”

“न्यूट्रल नसतो, नाना.”

“मग करंट परत कुठून जातो?”

“परत जात नाही.”

“जात नाही म्हणजे? मग जातो कुठे?”

आता याला काय उत्तर आहे? मी म्हटलं, “संपतो.” शब्द तोंडातून सुटला आणि नाना खुर्चीतल्या खुर्चीत ताठ झाले. “संपतो?” चाळीस वर्षांच्या नोकरीत त्यांना करंट संपतो असं कोणी सांगितलं नसावं. मी समजुतीच्या सुरात म्हणाले की खटक्यापाशी जोर १५ असतो, दर ठोकळ्याला एकेक कमी होतो, १५ ठोकळ्यांच्या पुढे शून्य.

“व्होल्टेज ड्रॉप!” नानांनी मांडीवर थाप मारली. “मग तसं सांग की. केबल साइझ चुकलाय तुझा. टेल एंडच्या गिऱ्हाइकाला काय मिळत असेल? पंखा फिरत नसेल त्याचा.”

“नाना, तिथे पंखा नाही. शेवटच्या खोक्याला १ मिळाला तरी बाण उडतो.”

“आज उडेल. लोड वाढल्यावर?”

“आणि मध्ये रिपीटर आहेत. सिग्नल परत १५ होतो.”

“कशाच्या जोरावर? रिपीटरला सप्लाय कुठून?”

“कुठूनच नाही.”

नाना माझ्या भावाकडे वळले. “म्हणजे ही वीज फुकट तयार करते,” त्यांनी त्याला सांगितलं. भावाने चकली खाता खाता गंभीरपणे मान हलवली. पुढच्या भाऊबीजेला त्याच्या ताटात मी एकच चकली ठेवणार आहे.

“आत्या, चंद्र खाली चाललाय,” भाचा म्हणाला.

“थांब रे, चंद्र कुठे पळून जात नाही,” नाना म्हणाले. पण पळतो! तिथला अख्खा दिवस वीस मिनिटांचा, त्यात खरीखुरी रात्र फक्त सात. मी हे सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात नानांचं बोट टीव्हीच्या काचेवर टेकलं. रेडस्टोन टॉर्चवर.

“आणि हे पेटलेलं उघड्यावर? दारूगोळ्याच्या शेजारी?”

ती आग नव्हे, असं मी सांगितलं. तो उलटा खटका असतो, खाली सिग्नल आला की विझतो. आणि, इथे मी उगाच भर घातली, फार वेगाने चालू-बंद केला तर जळून गप्प पडतो. नानांचा चेहरा एकदम उजळला. “ट्रिप होतो? मग एवढा वेळ काय सांगत होतीस संरक्षण नाही म्हणून?” मी तसं कधीच म्हणाले नव्हते. “कुणीतरी खात्यातला माणूस आहे तिथे. नक्की.” मग १९८२ साली की कधी, कुठल्या तरी घाटाखालच्या फीडरवर वटवाघूळ बसलं आणि तीन तालुके अंधारात गेले, ती हकिकत आली. चांगली हकिकत आहे. मी ती लग्न होऊन या घरात आले त्याच आठवड्यात ऐकली होती. नानांचा हात बोलताना पूर्ण टीव्हीसमोरून फिरतो, त्यामुळे पडद्याची डावी बाजू कुणालाच दिसत नव्हती. पूर्व डावीकडे होती.

वटवाघूळ सुटलं आणि नाना म्हणाले, “हं. दे रे बाळा सप्लाय.”

बाळाने दिला. टॅबवरून, माझ्या आधी धावत जाऊन. आत्याला ओढू द्यावा, हे मनात आलं असतं तर तो त्याच्या बापाचा मुलगा नसता. बाण निघाले, अगदी मला हवे होते तसेच, डावीकडून उजवीकडे लाटेने. आणि फुटले ते लख्ख निळ्या आकाशात, उन्हात टॉर्च लावल्यागत. खसखस, निवडुंग, डँडेलियन, सगळं आलं आणि गेलं. “चालू झालं का?” आईने विचारलं.

दिवस उजाडला की तिथे झोंबी उन्हात पेटतात. लांब शेतात दोन उभे होते, भडकन पेटले. “ते बघा, ते बघा! लागलं!” वहिनी ओरडली, आणि माझ्या घरातल्या झाडून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आई तर म्हणाली, किती खरं दिसतं नाही? अगदी माणूस जळतोय वाटतं.

खटका बंद करा, असं मी दोनदा ओरडले. नाना भाच्याला ‘नो लोड’ आणि ‘ऑन लोड’ यांतला फरक समजावत होते, त्यामुळे घड्याळ टकटक चालूच राहिलं आणि डिस्पेन्सर तळापर्यंत रिकामे झाले. भाऊ म्हणाला, परत रात्र होईल की! होईल, दहा मिनिटांचं ऊन सरल्यावर. तिथे पलंगावर झोपून रात्र ढकलता येते, दिवस येत नाही. ही सोय ज्याने केली त्याच्या घरी पाहुणे येत नसावेत. आणि बाण कुठून आणू? दहा मिनिटांत सगळे पानावर बसले होते, आणि “एवढ्याशासाठी लॅपटॉप कशाला जोडला” हे नवऱ्याने बासुंदी वाढून घेताना म्हटलं. त्या रात्री आवरताना मी टोपाचं झाकण जरा जोरात आपटलं, तर “भांडी काय करतात बिचारी” असं बाहेरून ऐकू आलं. मी इतके दिवस क्रीपर मारत होते ते कुणी विचारलं नाही. खरंच कुणीच नाही.

काल व्हॉट्सअ‍ॅपवर नानांकडून एक फोटो आला. आलेख कागदावर पट्टीने काढलेलं सिंगल लाइन डायग्राम, म्हणजे वीजजोडणीचा नकाशा. माझी खोकी त्यात ‘ग्राहक’ आहेत, क्रमांक घातलेले. मध्ये आयसोलेटर, कोपऱ्यात अर्थिंगचा खड्डा, त्यात मीठ आणि कोळशाचे थर. खाली उजवीकडे चौकट: आराखडा, नाना. प्रत्यक्ष काम, भाच्याचं नाव. आणि तिसऱ्या ओळीत, हेल्पर, मी.

पाठोपाठ भाच्याचा फोन. “आत्या, या गेममध्ये मीठच नाहीये. नुसता कोळसा घातला तर चालेल?”

मी म्हटलं, साहेबांना विचार, मी हेल्पर आहे.