आपलाच बेडूक, अंदमानात उपरा

ऑस्ट्रेलियातल्या केन टोडवरचा लेख आवडला. उसावरचे भुंगेरे खातील म्हणून १९३५ मध्ये हवाईहून क्वीन्सलँडला नेलेले हे भेक. भुंगेरे राहिले बाजूलाच, या भेकांना खायला गेलेले क्वोल (तिथले मांजराएवढे शिकारी प्राणी) आणि घोरपडी मात्र विषाने मेल्या. पण खाली कमेंटमध्ये एकाने 'आपला याच्याशी काय संबंध?' असं विचारलंय, म्हणून लिहितोय.

आम्ही आरेच्या कडेला राहतो. पहिला दणदणीत पाऊस झाला की डबक्यात हळदीत बुडवून काढल्यासारखे पिवळेधमक बेडूक नर, गळ्याशी दोन निळे फुगे, आणि रात्रभर डराव डराव. झोपेचं खोबरं! हाच आपला बुलफ्रॉग अंदमानात उपरा ठरलाय. मत्स्यशेतीच्या मत्स्यबीजाबरोबर तो तिथे पसरला असं मानतात. त्याची शेपटीवाली पिल्लं मांसाहारी. एकाच डबक्यात असली तर तिथल्या मूळ बेडकांच्या पिल्लांचा फडशा पाडतात. मोठा झाला की सरडे, गोमा, अगदी कोंबडीची पिल्लंसुद्धा. तोंडात मावेल ते!

आणि असं उपरं सोडणं आजही चालूच आहे. आमच्या सोसायटीतले एक काका फिश टँकमधली नकोशी झालेली कासवं तलावात सोडून येतात, पुण्य म्हणून. त्यांना लेखाची लिंक पाठवलीय. अजून निळी टिक आलेली नाही.