रेशो घेतला म्हणून कॅलिब्रेशन टळत नाही

सोलापुरातल्या बायोटेक आणि मायक्रोबायोलॉजीच्या मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतो आहे: "पेशीच्या आतला पीएच मोजायला बीसीईसीएफ वापरा. हा रेशोचा डाय आहे, दर वेळी कॅलिब्रेशन नको. बफरमध्ये एकदा आलेख काढा, वर्षभर वापरा. फार तर ०.१चा फरक पडेल, तो नगण्य." बीसीईसीएफ हा पेशीत शिरून चमकणारा रंग, म्हणजे डाय; त्याची चमक पीएचनुसार बदलते. बफर म्हणजे पीएच स्थिर धरणारं द्रावण, आणि कॅलिब्रेशन म्हणजे माहीत असलेल्या पीएचला रेशो किती येतो याचा आलेख काढणं. प्रोजेक्टची मुदत डोक्यावर असलेल्या मुलांना हा मेसेज वाचून हायसं वाटत असेल. पण या सल्ल्यावर थीसिस उभा राहू नये, असं मला मनापासून वाटतं.

आधी रेशो. डायवर ४९० आणि ४४० नॅनोमीटरचा प्रकाश आळीपाळीने टाकायचा, दोन्ही वेळा ५३५च्या आसपासची चमक मोजायची आणि भागाकार करायचा. डाय कमी शिरला की जास्त, पेशी जाड की पातळ, हे त्या भागाकारात निघून जातं. एवढं मेसेजमधलं बरोबर. पण दिवा जुना होतो तेव्हा दोन्ही तरंगलांबींना सारखाच मंदावेल असं नाही. पेशीची स्वतःची चमकही भागाकाराने जात नाही, ती आधीच वजा करावी लागते.

खरी गोम बफरमधल्या आलेखात आहे. आपल्या पूर्व भागातल्या रंगाऱ्याला विचारा. टाकीतलं पाणी बघून तो शेड पास करत नाही, सुतावर बसलेला रंग बघतो. पेशीत प्रथिनांची दाटी असते, डाय त्यांना चिकटतो आणि त्याचा वर्णपट सरकतो. म्हणून आलेख पेशीतच काढायचा. त्याची वाट १९७९मध्ये थॉमस, रॅकर आणि सहकाऱ्यांनी दाखवली: नायजेरिसिन. याचे रेणू पेशीच्या पटलातून पोटॅशियम आणि हायड्रोजन आयनांची अदलाबदल करतात. आतबाहेर पोटॅशियम सारखं असेल, तर आतला पीएच बाहेरच्याइतका होतो. मग बाहेरचे बफर बदलत जायचे आणि प्रत्येकाचा रेशो टिपायचा.

ती "सारखं असेल" ही अट मात्र विसरू नका. बाहेर १४० मिलिमोलर पोटॅशियम ठेवलं आणि आत १००च असलं, तर हिशेब ०.१५ने चुकतो. शिवाय नायजेरिसिन नळ्यांना चिकटून राहतं. आमच्याकडे एकदा सकाळपासून सगळ्याच पेशी आम्लधर्मी दिसत होत्या. दोष आदल्या दिवशीच्या नळ्यांचा निघाला. तेव्हापासून कॅलिब्रेशनच्या नळ्या वेगळ्या ठेवतो.

"वर्षभर वापरा" हे तर सोलापूरच्या मे महिन्यात लिहूच नये. पेशींच्या कामात नेहमी लागणाऱ्या हेपीस बफरचा पीएच दर अंशाला साधारण ०.०१४ने उतरतो. २५ अंशांना ७.४ला बसवलेला बफर ३७ अंशांना ७.२३च्या आसपास येतो. ज्या तापमानाला पेशी मोजणार, त्याच तापमानाला बफर बसवा.

आणि ०.१ नगण्य? ही मोजपट्टी लॉगची आहे. पीएच ७.२वरून ७.१वर आला की हायड्रोजन आयन ६३वरून ७९ नॅनोमोलर होतात, म्हणजे चौथाईहून जास्त वाढ. पेशीत आपण शोधत असतो ते बदलच पुष्कळदा दोन-तीन दशांशांचे असतात.

एकाच दिवशी, त्याच पेशींत, औषध घालण्याआधी आणि नंतर फरक पडला का, एवढंच दाखवायचं असेल तर कॅलिब्रेशनशिवाय भागू शकतं. फक्त तिथे आलेखाच्या अक्षावर पीएच लिहू नका, रेशो लिहा.