एलपी आणि आमच्या गल्लीचा जमाखर्च

बंगळूरला परत जाताना भाच्यानं आमच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स ही संगणकप्रणाली घातली आणि वर सांगून गेला, "मामा, आता माउस शोधत बसू नका. छापायचं असलं की काळ्या खिडकीत 'एलपी' आणि फाइलचं नाव टाइप करायचं, एंटर मारायचा. संपलं." एलपी म्हणजे लाइन प्रिंटर. एका दणक्यात अख्खी ओळ छापणारी ती धुडं बहुतेक भंगारात गेली, नाव तेवढं मागं राहिलं.

बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या गल्लीच्या गणपतीचा हिशेब माझ्याकडं असतो. तीन पानांचा जमाखर्च, 20 प्रती, सातला बैठक. मी ऐटीत 'एलपी -एन 20' मारलं. उत्तर आलं: रिक्वेस्ट आयडी अमुक-41. आणि पुढं सामसूम.

सीमाभागात जन्म काढलेल्या माणसाला ही सामसूम नवी नाही. कन्नडमधून अर्ज, मराठीतून विनवणी, इंग्रजीतून सही, एवढं झाल्यावर हातात आवक क्रमांक पडतो. काम होणार असं त्याच्यावर कुठंही लिहिलेलं नसतं. अशा वेळी आपण काय करतो? पुन्हा अर्ज टाकतो. वरचा बाण दाबला की मागचाच हुकूम परत येतो, मग एंटर. 42. बाण, एंटर. 43. असं करत 45 पर्यंत गेलो.

शेवटी भाच्याला फोन. "'एलपीस्टॅट -पी' मारा." मारलं, प्रिंटरची हालहवाल कळली: 'डिसेबल्ड', म्हणजे बंद. सकाळी मी एक पान छापायला घातलं होतं, तेवढ्यात केर काढताना केबल निसटली. तेव्हापासून प्रिंटर रुसलेला. केबल बसवली तरी रुसवा तसाच. रांगेत मात्र सगळ्यांना घेत होता. खिडकी बंद, टोकन चालू!

भाचा म्हणाला, "तो पुन्हा चालू करायला 'सुडो कप्सइनेबल' आणि प्रिंटरचं नाव. मग पासवर्ड." पासवर्ड टाइप करताना पडद्यावर एक टिंबसुद्धा उमटत नाही. कीबोर्ड मेला समजून मी तो दोनदा टाइप केला. चुकला. तिसऱ्यांदा जमलं आणि प्रिंटर घरघरला.

पानं यायला लागली. काय आनंद! 60 पानं मोजून गठ्ठा बाजूला ठेवला, तर 61वं आलं. मग 62वं. खिडकीतून शेजारच्या काकू म्हणाल्या, "काय ओ, छापखाना घातलासा काय?" भाचा फोनवर ओरडतोय, "मामा, 'कॅन्सल -ए'!" ते मारलं, रांग रिकामी झाली, तरी आधीच पोटात गेलेली पानं प्रिंटर ओकतच राहिला. शेवटी कागदाचा ट्रेच ओढून काढला. एक पान अर्धं आत, अर्धं बाहेर. मंडपवाल्याची रक्कम मधोमध फाटली.

एकूण 127 पानं. बैठकीत अध्यक्षांनी गठ्ठा बघितला, कुंद्याचा तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाले, "एवढा कागद गेला, तो खर्चात धरलासा न्हवं?"

धरला नव्हता. म्हणजे जमाखर्च परत छापणं आलं.