भेसळ खोली करते, प्रोसेसिंग ती काढतं

‘डिजिटल प्रोसेसिंग म्हणजे दुधात पाणी. खरा आवाज हवा असेल तर इक्वलायझर सरळ ठेवा, डिले-बिले बंद करा, जमलं तर रेकॉर्डच लावा. चांगल्या स्पीकरला प्रोसेसिंग लागतच नाही.’ अशा आशयाचा मजकूर सध्या गाण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरतोय. (इक्वलायझर म्हणजे खालचे-वरचे स्वर वेगवेगळे कमी-जास्त करणारी सोय, डिले म्हणजे आवाज मुद्दाम जरा उशिरा सोडणं.) मला तो तिघांकडून आला आणि तिघेही कानाचे तयार आहेत. म्हणून उत्तर देणं भाग आहे.

रेकॉर्डपासून सुरुवात करतो. एलपीवर प्रक्रिया नसते, हे साफ चूक. खर्जाचा आवाज आहे तसा कोरला तर खोबण इतकी हेलकावते की शेजारच्या खोबणीत घुसेल. म्हणून कोरताना खर्ज दाबतात, वरचे स्वर चढवतात आणि वाजवताना प्रीॲम्प, म्हणजे ॲम्प्लिफायरच्या आधीचा भाग, बरोबर उलटं करतो. याचं प्रमाण १९५४ साली ठरलं. दोन्ही टोकांमधला फरक सुमारे ४० डेसिबल, म्हणजे सिग्नलच्या विद्युतदाबात शंभरपट. ही उलट प्रक्रिया वगळली तर त्या ‘शुद्ध’ रेकॉर्डवर डग्गा जवळपास गायब होईल आणि तानपुरा चिरकेल.

डिजिटलमध्ये आवाजाच्या पायऱ्या होतात, असंही त्यात म्हटलंय. सीडीवर सेकंदाला ४४,१०० नमुने असतात. त्यांतून २२ हजार हर्ट्झपर्यंतची लहर सलग परत उभी राहते आणि आपले कान फार तर २० हजारांपर्यंत पोचतात. स्पीकरपर्यंत पायरी येतच नाही.

आता चांगल्या स्पीकरबद्दल. वूफर (खर्जाचा पडदा) आणि ट्वीटर (वरच्या स्वरांचा पडदा) वेगळे असलेला कुठलाही महागडा स्पीकर उघडा, आत क्रॉसओव्हर मिळेल. कुठल्या पडद्याने कुठले स्वर वाजवायचे हे कॉइल आणि कपॅसिटर ठरवतात. ही प्रक्रियाच आहे. डिजिटलमध्ये तेच काम जास्त नेमकं होतं, शिवाय दोन्हींचा आवाज कानाशी एकाच क्षणी पोचेल असं जुळवता येतं.

पण स्पीकर कितीही उत्तम असला तरी तो कुठल्या तरी खोलीतच वाजणार, आणि या मजकुरात खोली कुठेच नाही. मुंबईतल्या एनसीपीएचं टाटा थिएटर १९८० साली उभं राहिलं तेव्हा तिथली ध्वनिरचना ध्वनितज्ज्ञ सिरिल हॅरिस यांनी केली होती. आपल्या बैठकीच्या खोल्या तशा आखलेल्या नसतात.

गिरगावात चाळीत राहणाऱ्या माझ्या काकांची खोली मधलं पार्टिशन काढून केलेली, १६ फूट लांब, ८ फूट रुंद. लांबी रुंदीच्या बरोबर दुप्पट, आणि आवाजासाठी हे वाईटच. ७० हर्ट्झच्या लहरीची अर्धी लांबी आठ फुटांत नेमकी मावते आणि पूर्ण लांबी सोळा फुटांत. म्हणजे चारही भिंती एकाच सुराला उचलून धरतात. काळी एकला लावलेल्या तानपुऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झच्या आसपास येतो, डग्ग्याचा घुमारही तिथेच कुठेतरी. भिंतीलगतच्या त्यांच्या खुर्चीवर, कानाच्या उंचीला मी मापनाचा माइक ठेवला. ७० हर्ट्झला ११ डेसिबलचा डोंगर दिसला. ‘घे’ वाजला की ‘ढूंऽऽ’ अशी शेपूट मागे राहायची आणि पुढचे दोन बोल तिच्यात बुडायचे.

इक्वलायझरने तेवढ्याच अरुंद पट्टीत आवाज खाली घेतला, बाकी कशालाही हात लावला नाही. शेपूट आखडली. मनगट सरकवून काढलेली डग्ग्याची मींड, खालून वर जाणारी, पहिल्यांदा पूर्ण ऐकू आली.

काका म्हणाले, “अरे, हे आधी कुठे होतं?”

“रेकॉर्डिंगमध्येच होतं, काका. तुमची खोली त्यावर बसली होती.”

त्यांनी दुरुस्ती तीन वेळा बंद-चालू करून ऐकली. इक्वलायझर सरळ असणं म्हणजे आवाज सरळ असणं नव्हे, हे त्यांना मी वेगळं सांगायची गरज उरली नाही.

डिले म्हणजे खोटा एको, हा आरोप तर अगदी उलटा आहे. शिवाजी पार्कसारख्या मोठ्या मैदानात मंचापासून ६० मीटरवर स्पीकरचा खांब उभा केला, तर मंचाकडचा आवाज तिथे पोचायला सुमारे पावणेदोनशे मिलिसेकंद लागतात. तारेतून सिग्नल मात्र क्षणात येतो. खांबाला डिले दिला नाही तर मागच्या माणसाला प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येईल. एको घालवण्यासाठीच तो डिले असतो.

मजकूर लिहिणाऱ्याची मूळ चीड मात्र मला पटते. बास इतका चढवतात की ढोल आणि डग्गा यांतला फरक मरतो. आवाज इतका दाबून सपाट करतात की गायकाने हळूच घेतलेला स्वर आणि तान सारखीच मोठी वाजते. याला विरोध करायलाच हवा. पण तो त्या सेटिंगला, प्रक्रियेला नव्हे.

आणि प्रक्रियेने सगळं होत नाही, हेही खरं. भिंतींवर आपटून एखादा स्वर एका जागी जवळपास नाहीसा होत असेल, तर तिथे तो चढवून उपयोग नसतो. ॲम्प्लिफायर दमतो आणि खड्डा तसाच राहतो. खुर्ची किंवा स्पीकर हलवावा लागतो. उघड्या फरशीचा, भिंतींचा खणखणाटही बटणाने जात नाही. काकांनी जमिनीवर सतरंजी अंथरली आणि समोरच्या भिंतीवर आजीची गोधडी टांगली. आता त्या खोलीत टाळी वाजवली की फक्त टाळीच ऐकू येते.